पंचहौदचा चहा सगळ्यांना ठाऊक, पंचहौदचं देवालय कुणाला?

गेली काही वर्षं मी पुण्याच्या पेठांमधून लोकांना चालत फिरवतो. पैसे घेत नाही, त्यामुळे येणारी मंडळी बिनधास्त प्रश्न विचारतात आणि बिनधास्त निघूनही जातात. अशाच एका रविवारी आमच्यात एक गृहस्थ होते, इतिहासात एम. ए. केलेले. जन्म सदाशिव पेठेतला, हयात पुण्यात गेलेली. मी ‘पंचहौद’ म्हटलं आणि ते लगेच तिथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून उठलेल्या वादाबद्दल सुरू झाले. १८९० साल, गोपाळराव जोशी, ‘पुणे वैभव’मध्ये छापलेली नावं, ग्रामण्य म्हणजे बहिष्काराचा खटला, टिळकांचं प्रायश्चित्त, रानड्यांचं प्रायश्चित्त, सगळं क्रमानं. माझ्याहून नीट सांगितलं त्यांनी. मग मी विचारलं, “ती जागा पाहिलीय का?”

“कुठली जागा?”

त्या वेळी आम्ही गुरुवार पेठेत होतो आणि पंचहौदच्या देवालयाचा, म्हणजे चर्चचा, मनोरा पाठीमागच्या छपरांवरून डोकावत होता. गृहस्थांना हे ‘पंचहौद’ म्हणजे कुठलीशी नाहीशी झालेली जागा वाटत होती. नाना वाड्यासारखा तरी उरलेला एखादा भाग असेल, किंवा तोही नसेल. तिथं आजही दर रविवारी मराठीत उपासना होते हे ऐकून ते जरा गोंधळलेच.

हा लेख त्या गोंधळाबद्दल आहे. एखादी वास्तू कुणाला माहीतच नसेल, तर ती दुर्लक्षित राहण्यात नवल नाही. इथं उलटं आहे. नाव शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचलं आणि वास्तू मागेच राहिली. असं कसं झालं, हे एका प्रकरणाच्या अभ्यासासारखं मांडून पाहायचं होतं.

आधी जागा

गुरुवार पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ. पेशवाईतल्या पुण्याला पाणी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या दगडी नळानं येई, वाटेत हवा सुटायला उच्छ्वास होते आणि शहरात ठिकठिकाणी हौद. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद. हौद बुजले, पण पत्ते अजून त्यांच्याच नावानं सांगितले जातात. पंचहौद हे नावही तसंच, पाच हौदांवरून पडलेलं.

या पेठेत १८८५ साली इंग्लंडमधल्या दोन अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) धर्मसंघांनी मिळून देवालय उभं केलं. एक संघ पुरुषांचा, ऑक्सफर्डजवळच्या काउली गावातला, म्हणून त्यांना ‘काउली फादर’ म्हणत. दुसरा बायकांचा, वाँटेज गावच्या सिस्टरांचा. या सिस्टर १८७७ पासून पुण्यात होत्या. इंग्रजी नाव ‘होली नेम’, मराठीत ‘पवित्र नाम देवालय’. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तिच्यात हे देवालय आलं. आज ते कॅथीड्रल आहे, म्हणजे बिशपची गादी असलेलं देवालय.

याची खूण म्हणजे मनोरा. इटलीत असतो तसा, मुख्य इमारतीपासून सुटा उभा, चौकोनी, शंभर फुटांहून उंच. आत इंग्लंडमध्ये ओतलेल्या आठ घंटा. गंमत अशी, की हा मनोरा लांबून दिसतो आणि जवळ गेलं की हरवतो. गल्ल्या अरुंद, दोन्हीकडे तीन-चार मजले, वर तारांचं जाळं. रस्त्यावरून मान वर केली की फक्त आकाशाची एक पट्टी. पहिल्यांदा मी दोनदा चुकलो होतो. एका रिक्षावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, “पंचहौद ना? चौक हाच.” चर्च म्हटल्यावर त्यानं कॅम्पाकडे बोट दाखवलं.

त्याचं काही चुकलं नाही. पुण्यात चर्च म्हणजे कॅम्प, हे समीकरण पक्कं आहे आणि ते फुकाचंही नाही. १८२५ मध्ये बिशप हेबरनं ज्याचं पवित्रीकरण केलं ते सेंट मेरीज कॅम्पात. आयरिश सैनिकांसाठी बांधलेलं सेंट पॅट्रिक्सही लष्करी हद्दीच्याच बाजूला. ससूनचं ‘लाल देऊळ’ तर चर्चही नव्हे, ज्यूंचं सिनेगॉग, पण कॅम्पातल्या उंच टोकदार इमारतींच्या यादीत तेही आपसूक येतं. ही सगळी गोऱ्या पलटणींच्या आणि साहेबांच्या पुण्यातली. पंचहौद मात्र ‘सिटी’त. पेठेच्या आत, मराठी बोलणाऱ्यांसाठी, मराठीत. पुण्याच्या डोक्यातल्या नकाशात दोनच खाने आहेत, पेशव्यांचं गाव आणि इंग्रजांचं लष्कर. हे देवालय दोन्हीत बसत नाही.

वाड्यांची भ्रमंती शनिवारवाड्यापासून सुरू होते आणि विश्रामबागवाड्यावर संपते. वसाहतकाळाची भ्रमंती ईस्ट स्ट्रीटवर. मधला पट्टा कुणाच्याच वाट्याला येत नाही. मीही पहिली दोन वर्षं तिकडे वळलो नव्हतो, हे कबूल केलेलं बरं.

चहा

आता त्या चहाकडे. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१८९० चा ऑक्टोबर. गोपाळ विनायक जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. आनंदीबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. गोपाळराव हा तऱ्हेवाईक माणूस, सुधारकांची आणि सनातन्यांची सारख्याच आवडीनं फजिती करणारा. पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान ठरलं आणि शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावणं गेलं. बायकाही होत्या. व्याख्यान झालं, आणि मग मिशनमधल्या बायकांनी चहा आणि बिस्किटं पुढे केली.

न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई तिथं होत्या. त्यांच्या आठवणींत हा प्रसंग आहे आणि तो वाचताना तो कप अगदी डोळ्यांपुढे येतो. काहींनी चहा घेतला. काहींनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. बायकांनी घेतलाच नाही. यातलं मधलं वागणं मला सगळ्यात बोलकं वाटतं. घेतला नाही तर यजमानाचा अपमान, प्यायला तर धर्म बुडाला. म्हणून कप घ्यायचा, दोन मिनिटं धरायचा आणि कुणी बघत नाहीसं पाहून टेबलावर ठेवायचा. त्या काळच्या सुधारकाची अख्खी कोंडी त्या बशीत मावली होती.

काही महिन्यांनी ‘पुणे वैभव’ या सनातनी वळणाच्या पत्रात हजर असलेल्यांची नावं छापून आली, चाळिसाहून जास्त. ती पुरवली गोपाळरावांनीच. काळही नेमका पेटलेला. संमतिवयाच्या विधेयकावरून पुणं दोन तटांत उभं होतं. विवाहित मुलीचं संमतिवय दहाचं बारा करणारा तो कायदा १८९१ च्या मार्चमध्ये मंजूर झाला. अशा वेळी टिळक आणि रानडे, एकमेकांविरुद्ध उभे असलेले दोघे, एकाच यादीत सापडले. सनातन्यांच्या दृष्टीनं याहून मोठं घबाड कुठलं?

सनातनी गटातले बाळासाहेब नातू आणि मंडळींनी गाऱ्हाणं शंकराचार्यांच्या पीठापुढे नेलं. शास्त्र्यांचं मंडळ बसलं. याला ग्रामण्य म्हणतात. आज हा शब्द उच्चारताना हसू येतं, पण ज्याच्यावर ग्रामण्य चालतं त्याच्या घरी भिक्षुक कार्याला येत नाही, श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाही, मुलीची सोयरीक अडते. शिक्षा कप धरणाऱ्यापेक्षा घरातल्यांना जास्त. टिळकांनी शास्त्रार्थ केला आणि काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, ते मित्रांची अडचण पाहून. रमाबाईंना ते आवडलं नव्हतं, आणि त्यांनी ते लपवलेलंही नाही.

(जाता जाता: १८९७ मध्ये प्लेगच्या दिवसांत रँडचा खून झाला, तेव्हा टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि नातू बंधूंना सरकारनं खटला न चालवताच अटकेत ठेवलं. चहावरून एकमेकांना शंकराचार्यांपुढे नेणारे पुण्याचे लोक सरकारच्या लेखी एकाच माळेतले मणी होते.)

ही गोष्ट इतकी चांगली आहे, की ती सांगायचा मोह आवरत नाही. त्यात विनोद आहे, ढोंग आहे, थोर माणसांची पंचाईत आहे. आणि माझ्या मते हाच गोष्टीचा दोष. सांगणारा दर वेळी पाहुण्यांची गोष्ट सांगतो. कोण प्यायलं, कोण नाही प्यायलं, कुणी कबूल केलं, कुणी सारवासारव केली. चहा दिला कुणी? त्या बायका कोण? मिशन तिथं काय करत होतं? याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘ख्रिस्ती मिशनरी’ या दोन शब्दांत आटोपलेलं असतं. यजमान गोष्टीतून बाहेर, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं घरही.

यजमान

वाँटेजच्या सिस्टरांची पुण्याशी असलेली सर्वांत मोठी गाठ म्हणजे पंडिता रमाबाई. १८८२ मध्ये रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला. शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन मुलींच्या शिक्षणाचा आणि स्त्री डॉक्टरांचा मुद्दा मांडला. पुण्यात त्यांना या सिस्टर भेटल्या. त्यांच्याच ओळखीनं १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजलाच राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ ला तिथंच मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

पुढची दोन-अडीच वर्षं सिस्टरांशी त्यांचं जे चाललं होतं, ते त्यांच्या पत्रव्यवहारात आहे आणि ते चहाप्रकरणाच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखं आहे. बाप्तिस्मा झाला तरी रमाबाई कडक शाकाहारी राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंगही त्यांना चालत नसे. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असा त्यांचा वाद होता. सिस्टर जेराल्डिन यांना हा सगळा जातीचा ताठा वाटायचा. रमाबाईंचं म्हणणं, ख्रिस्त पत्करला म्हणजे इंग्रजांचं ताट आणि इंग्रजांची भाषा पत्करली असं नव्हे.

म्हणजे पाहा. ज्या संघाच्या बायकांकडच्या चहानं पुण्याचे सुधारक बाटले, त्याच संघाच्या इंग्लंडमधल्या पंगतीत एक मराठी ख्रिस्ती बाई आपलं ताट वेगळं ठेवून बसली होती. पुण्याच्या सनातन्यांना हे कळलं असतं तर त्यांचे हिशेब जरा चुकले असते.

आणखी एक माणूस. नीळकंठशास्त्री गोरे, चित्पावन, काशीत वाढलेले, दर्शनशास्त्रांत मुरलेले. मिशनऱ्यांशी वाद घालायला गेले आणि १८४८ मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाले. नेहेम्या गोरे. पुढे काउली फादरांच्या संघाशी त्यांचा निकटचा संबंध आला. पुण्यात त्यांचं वास्तव्य झालं आणि रमाबाईंच्या धर्मविचारावर त्यांची छाप पडली, हे रमाबाईंनीच लिहिलं आहे. टिळकांनी शुद्ध व्हायला काशी गाठली, आणि काशीचा एक शास्त्री पंचहौदच्या फादरांच्या गोतावळ्यात येऊन बसला होता. हा योगायोग मी भ्रमंतीत सांगतो तेव्हा लोक क्षणभर गप्प होतात आणि मग कुणीतरी “खरंच?” विचारतं.

रमाबाई सिस्टरांपासून पुढे अलग झाल्या. १८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि परतल्यावर स्वतःच्या बळावर शारदा सदन काढलं. ११ मार्च १८८९, मुंबईत. ते पुण्यात हलवलं १८९० च्या नोव्हेंबरात. चहा ऑक्टोबरात, शारदा सदन नोव्हेंबरात. आपण दोन वेगळ्या धड्यांत वाचतो, पण पुण्याला हे दोन धक्के पाठोपाठ बसले.

पाणी

त्याच नोव्हेंबरात आणखी एक गोष्ट घडली. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव फुले गेले. त्यांचं घर गंज पेठेत, पंचहौदपासून पायी दहा-पंधरा मिनिटं. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. ग्रामण्याचे जेवढे चटके त्या काळी कुणाला बसले असतील, तेवढे सगळे त्यांनी आधीच सोसून झाले होते. आणि ज्या १८८५ मध्ये पवित्र नाम देवालय उभं राहिलं, त्याच वर्षी ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेच्या अंकांत फुल्यांनी ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंची बाजू घेतली होती.

मला या भागाचा नकाशा पाहिला की पाणीच दिसतं. पेशव्यांनी आणलेलं पाणी, कुणाला कुठल्या हौदावर भरता येईल याचे नियम, फुल्यांचा खुला हौद, आणि पाच हौदांच्या जागेवर उभं राहिलेलं मिशन, जिथं प्रश्न पुन्हा पाण्याचाच. चहा म्हणजे तरी काय? परक्या हातचं उकळलेलं पाणी. दूध-साखर घातल्यानं शास्त्राला फरक पडत नव्हता. बिस्किट तर आणखी वाईट, पावाचं भावंड. वसईकडे अजून सांगतात, की फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला आणि त्या पाण्यानं अख्खं गाव बाटलं. पाणी प्यायलं, बाटलात, संपलं. मनात काय आहे ते कुणी विचारत नव्हतं.

हे असं मांडलं की चहाप्रकरण चाळीस-पन्नास ब्राह्मणांच्या अडचणीपुरतं राहत नाही. त्याच भागात काही लोक त्याच प्रश्नाला आयुष्यभर तोंड देत होते. त्यांच्यासाठी कुणी शास्त्र्यांचं मंडळ बसवलं नाही, कारण त्यांचं प्रायश्चित्त कुणाला नकोच होतं. देवालयाच्या मंडळीत, म्हणजे तिथं उपासनेला जमणाऱ्या समाजात, पुढे जे आले, त्यांच्या गोष्टीत हा प्रश्न केंद्रस्थानी असणार. ती गोष्ट चहाच्या कपाखाली दबली, आणि पंचहौदचं नाव गाजत असताना पंचहौदकडे कुणी न पाहण्याचं मुख्य कारण मला हेच वाटतं. बाकी कारणं आहेत, पण दुय्यम.

बाकीची कारणं

ती थोडक्यात.

एक, वारसा जपण्याची सरकारी यंत्रणा. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९५८ च्या कायद्याखाली राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं येतात. पुण्यात शनिवारवाडा, पाताळेश्वर अशी. त्यांना निळा फलक, कुंपण, पहारेकरी. शहरातल्या बाकी जुन्या वास्तू महापालिकेच्या वारसा यादीत प्रतवारीनं नोंदवल्या जातात. यादीत असलं म्हणजे परवानगीशिवाय पाडता-बदलता येत नाही, एवढंच. डागडुजीचा खर्च मालकाच्या खिशातून. वापरातल्या प्रार्थनास्थळाचा मालक म्हणजे न्यास, आणि न्यासाचा पैसा म्हणजे शेवटी मंडळीची दानपेटी.

दोन, जुन्या दगडी बांधकामाची डागडुजी हे नाजूक काम आहे. चुन्याच्या सांध्यांना ओल आत घेऊन बाहेर टाकायची सवय असते. त्यात सिमेंट भरलं की ओल कोंडते आणि दगड पापुद्र्यांनी सुटू लागतो. चुना मळणारे गवंडी कमी, आणि सिमेंटची गोणी कोपऱ्यावर मिळते. हे पंचहौदबद्दल म्हणत नाही, पेठेतल्या कुठल्याही जुन्या इमारतीबद्दल म्हणतो. पण शंभर फुटांवर सांधे भरायचे म्हटलं तर आधी परांचीचाच खर्च किती, याचा विचार करा.

तीन, संकोच. हे बोललं जात नाही. आमच्या भ्रमंतीत देवळात, दर्ग्यात, जैन मंदिरात लोक चपला काढून सहज शिरतात. चर्चच्या फाटकाशी आले की थबकतात. “आपल्याला जाऊ देतात का?” हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की मी आता आधीच उत्तर देऊन टाकतो: विचारलं की बहुतेक वेळा जाऊ देतात, उपासना चालू असली तर थांबायचं. थबकण्यात भीती नसते, शिष्टाचार माहीत नसतो इतकंच. पण सव्वाशे वर्षांपूर्वी कप हातात धरून उभे राहिलेले ते लोक मला अशा वेळी आठवतात, आणि त्याला माझा इलाज नाही.

दुर्लक्षित कुणाच्या लेखी?

या अभ्यासात माझी एक चूक झाली, तीही नोंदवतो.

मी एक टिपण तयार केलं होतं. मथळ्यात ‘दुर्लक्षित’, ‘विस्मृतीत गेलेलं’ असे शब्द. ते घेऊन मी देवालयाच्या मंडळीतल्या एका वयस्कर बाईंना दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, शांतपणे. मग म्हणाल्या, “विस्मृतीत कुणाच्या?”

मी काहीतरी गुळमुळीत बोललो.

“माझं लग्न इथं झालं. मुलांचे बाप्तिस्मे इथं. नातवाचाही. नाताळात उभं राहायला जागा नसते. आम्ही काही विसरलो नाही हो.” आणि मग, जरा थांबून, “आणि चर्च काय लिहिलंय सगळीकडे? आम्ही देवालय म्हणतो.”

चहाप्रकरणाबद्दल विचारलं तर त्यांना ते ठाऊक होतं, पण फारसं कौतुक नव्हतं. “ते तुमचं,” एवढंच म्हणाल्या. या दोन शब्दांत त्यांनी माझं अर्धं टिपण बाद केलं.

घरी येऊन मी ‘विस्मृतीत गेलेलं’ खोडलं. ‘चर्च’च्या जागी बहुतेक ठिकाणी ‘देवालय’ केलं. हा शब्द मराठी ख्रिस्ती लोक सहज वापरतात. पाळक, मंडळी, प्रभुभोजन, देवालय. आमच्याकडच्या बाकीच्यांना मात्र देवालय म्हटलं की घुमट आणि दीपमाळ दिसते. एकाच शहरात, एकाच भाषेत, एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी नांदतात आणि त्यांची गाठ पडत नाही. शहरानं जे हरवलंय ते बहुधा एवढंच आहे. इमारत आपल्या जागी आहे.

पण बाईंचं म्हणणं पूर्ण मान्य केलं तरी एक अडचण उरते. वारशाचा निधी, अभ्यासकांचं लक्ष, फलक, शाळेच्या सहली हे सगळं बाहेरच्यांच्या लक्षावर चालतं. आठ घंटांच्या मनोऱ्याला उद्या काही झालं, तर मंडळी रडेल, पण परांची बांधायला महापालिका लागेल. आतल्यांचं प्रेम आणि बाहेरच्यांचं लक्ष, दोन्ही लागतात. सध्या एकच आहे.

मी काय बदललं

मोठं काही नाही. फक्त क्रम बदलला.

पूर्वी मी पंचहौदचा उल्लेख टिळकांच्या ओघात करायचो, तोही दुसऱ्याच पेठेत उभा राहून. आता सुरुवात गंज पेठेतल्या फुलेवाड्यापासून होते. हौदाशी थांबून १८६८ ची गोष्ट. तिथून गल्ल्यांतून गुरुवार पेठ. वाटेत मनोरा एकदा दिसतो, मग हरवतो, मग एकदम समोर येतो. लोकांना ते आवडतं, लहान मुलं तर पैज लावतात. फाटकाशी आधी सिस्टर आणि पंडिता रमाबाई, मग गोरेशास्त्री, आणि सगळ्यात शेवटी चहा. शेवटी आल्यामुळे तो लहान होतो, आणि कळतोही जास्त. त्या एम. ए. झालेल्या गृहस्थांना मी नवीन क्रमानं पुन्हा नेलं. परत जाताना ते मला म्हणाले, की तीस वर्षं हे प्रकरण सांगतोय, पण चहा कुणी केला हा विचार कधी डोक्यात आला नाही.

पुढच्या महिन्याची नोंदणी परवा उघडली. ग्रुपवर रस्ता, वेळ, ‘देवालयात शांतता पाळावी’ ही सूचना, सगळं टाकलं. पाच मिनिटांत पहिला प्रश्न आला: “मधे चहा आहे ना?”